मुलाखतीत ‘टीममध्ये काम केल्याचा अनुभव सांगा’ म्हटलं, तर काय सांगाल? उत्तर ‘आम्ही’वर अडकू देऊ नका

कांजूरमार्ग स्टेशनच्या पश्चिमेला, एलबीएस मार्गालगत एकेकाळी कारखान्यांचा पट्टा होता. आता तिथे ऑफिसांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. भांडुप, विक्रोळी, मुलुंडहून फाइल घेऊन अशा ऑफिसांत मुलाखतीला जाणाऱ्या फ्रेशर्सना एक प्रश्न हमखास येतो, ‘टीममध्ये काम केल्याचा एखादा अनुभव सांगा.’

अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘हो सर, मी चांगला टीम प्लेयर आहे.’ पण हे झालं स्वतःबद्दलचं मत. प्रश्न असतो घडलेल्या प्रसंगाबद्दल.

प्रसंगच का विचारतात?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये एक पद्धत मांडली. एखादा माणूस कसा आहे यावर मत घेण्यापेक्षा, ठरावीक प्रसंगात त्याने नेमकं काय केलं याची माहिती गोळा करायची. आजच्या मुलाखतींतल्या अशा प्रश्नांचं मूळ या विचारात आहे.

दुसरं कारण रस्सीखेच खेळलेल्या प्रत्येकाला पटेल. फ्रेंच कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण एकत्र ओढताना तो जवळपास निम्म्यावर आला होता. चौघांच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट एकानेच लिहिल्याचा अनुभव अनेकांना असतो. त्या चौघांतले तुम्ही कोण होता, हे मुलाखत घेणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं.

‘आम्ही’ची अडचण

‘आम्ही प्रोजेक्ट केला, आम्हाला बक्षीस मिळालं.’ घरात, शाळेत ‘मी मी करू नये’ हेच शिकवलेलं असतं. त्यामुळे असं बोलणं नम्रपणाचं वाटतं. मात्र या वाक्यातून तुमचा वाटा कळत नाही. त्यामुळे मार्क देणार तरी कशाला?

सोपा नियम असा: काम सगळ्यांचं होतं तिथे ‘आम्ही’ म्हणा, निर्णय किंवा कृती तुमची होती तिथे ‘मी’ म्हणा. स्वतःचं काम स्वतःचं म्हणून सांगणं हा मीपणा नाही. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगणं मात्र खोटेपणा आहे.

उत्तर कसं बांधाल?

‘स्टार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत चार टप्पे असतात:

• प्रसंग: कुठे, कधी, किती जण?
• जबाबदारी: तुमच्याकडे काय होतं?
• कृती: तुम्ही काय केलंत? सर्वाधिक वेळ इथे द्या.
• निकाल: शेवटी काय झालं, काय शिकलात?

प्रोजेक्ट, इंटर्नशिप काहीच नसेल तर?

अनुभव ऑफिसातलाच हवा असं नाही. गणेशोत्सव मंडळ, एनएसएस, कॉलेजचा फेस्ट, दुकानातली पार्टटाइम नोकरी, सगळं चालतं. गुरुपौर्णिमेपासून सराव करणाऱ्या गोविंदा पथकात तळाच्या थरात उभं राहणाऱ्या मुलाकडेही सांगण्यासारखं बरंच असतं.

समजा, तुम्ही मंडळाचे कार्यकर्ते आहात. उत्तर असं देता येईल:

‘आम्ही १५ कार्यकर्ते होतो. वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता. पहिल्याच आठवड्यात पावत्या आणि रोकड जुळेना, दोन गटांत वाद सुरू झाला. मी दोन्ही गटांना एकत्र बसवून पावती पुस्तकं तपासली. एका पुस्तकाची नोंदच राहिली होती. त्यानंतर रोज रात्री हिशेबाचा फोटो ग्रुपवर टाकायचं मी सुचवलं. शेवटी हिशेब जुळला. जमाखर्च रोजच्या रोज सगळ्यांना दिसला की संशय राहत नाही, हे मला कळलं.’

हे मिनिटभराचं उत्तर आहे. त्यात वाद आहे, तुमची कृती आहे आणि कुणाची बदनामी नाही.

हे टाळा

• ‘आमच्यात कधी वाद झालेच नाहीत’ असं सांगणं. यावर सहसा विश्वास बसत नाही.
• ‘बाकीचे कामच करत नव्हते’ असा सूर. एखादा सहकारी मागे पडला असेल तर तुम्ही त्याच्याशी काय बोललात, ते सांगा.
• नेटवरून उचललेला प्रसंग. ‘मग तो काय म्हणाला?’, ‘पुन्हा संधी मिळाली तर वेगळं काय कराल?’ असे उपप्रश्न आले की बनावट गोष्ट तिथेच कोसळते.

तयारी किती हवी?

दोन खरे प्रसंग पुरेत, एक यशाचा आणि एक फसलेला. ते पाठ करू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदा ऐका. ज्या वाक्यात ‘आम्ही’ आलं, तिथे थांबून स्वतःला विचारा, ‘यात मी काय केलं?’ उत्तर सापडलं तर ते जोडा. नाही सापडलं, तर दुसरा प्रसंग निवडा.