जुने कुलूप काढू, पण दार सर्वांसाठी उघडे ठेवू

आपल्या संस्थांच्या वेबसाइटवर आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. त्यात जात, उत्पन्न, मोबाईल नंबर असतो. ही माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून टीएलएस हे सांकेतिक कुलूप असते. त्याच्या १.० (१९९९) आणि १.१ (२००६) या आवृत्त्या कमकुवत ठरल्या आणि २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य झाल्या. त्या सर्व्हरवर बंदच कराव्यात.

मग जुना फोन वापरणाऱ्यांचे काय? अँड्रॉइड ५ पासून टीएलएस १.२ आपोआप चालते. म्हणून १.२ आणि १.३ दोन्ही चालू ठेवाव्यात. फोनला जमेल ती आवृत्ती जोडणीच्या वेळीच ठरते. फक्त १.३ ठेवण्याची घाई नको. बदलाआधी महिनाभर सर्व्हरच्या नोंदींत जुन्या आवृत्तीने किती जण येतात ते मोजावे. जे तरीही बाहेर राहतील, त्यांच्यासाठी विहारात छापील अर्ज ठेवावेत, असे आम्हाला वाटते.