अहो, पायाला हात लावू नका!

माझ्या व्यवसायात पहिली अडचण येते ती दुखण्याची नव्हे, संस्कारांची. मी फिजिओथेरपिस्ट. स्टूल ओढून रोग्याच्या पायाशी बसते, हात पुढे करते, तोच समोरची व्यक्ती पाय आखडून घेते. "अहो डॉक्टर, पायाला हात लावू नका!" माझे केस पिकल्यापासून तर ही पंचाईत वाढलीच आहे, काही तरुण मुले आधी वाकून मला नमस्कार करतात आणि मगच पाय पुढे करतात. बरे, पाय देणार नाहीत, पण एक्स-रे मात्र लगेच हातात देतील. "टाचेचं हाड वाढलंय म्हणे!"

आता या वाढलेल्या हाडाची गोष्ट ऐका. सकाळी उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते, चार पावले चालल्यावर ती ओसरते आणि ओट्यापाशी तासभर उभे राहिले की पुन्हा डोके वर काढते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या गृहिणींची माझ्याकडे रीघ असते. एक्स-रेत दिसणारा हाडाचा काटा खोटा नसतो. पण ज्यांची टाच जन्मात दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या टाचेतही तो सापडतो. म्हणून त्याला गुन्हेगार ठरवण्याआधी मी सांगते, "एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतं?" बहुतेक जणींचे बोट टाचेच्या तळाशी, जरा आतल्या बाजूला जाते. तिथे मी दाबते आणि दुसऱ्या हाताने पायाचा अंगठा वर ओढते. तळव्यातला जाड पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला जातो आणि बाई ओरडतात, "हां, तेच ते!"

हा पट्टा टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला असतो. बोटे वर उचलली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो ओढला जातो आणि पायाची कमान उचलली जाते, हे हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिले. पाऊल उचलताना दर वेळी हा रहाट फिरतो. मग पट्टा कुरकुरला तर नवल काय?

मी पोटरी आणि तळवा चोळून देते, आखडलेला घोटा हळूहळू मोकळा करते. त्याने दोनचार दिवस हलके वाटते, पण खरे काम घरी करायचे असते. अंथरुणातून उतरण्यापूर्वीच पाय मांडीवर घ्यावा, बोटे नडगीकडे ओढून दहा आकडे मोजावेत. असे दहा वेळा. पुढे पायरीवर उभे राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाचा सावकाश वर-खाली कराव्यात, एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांत नुसत्या ताणापेक्षा जास्त आराम पडला; वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले होते. तेव्हा धीर हवाच. आणि फरशीवर अनवाणी उभे राहणे सोडावे. "स्वयंपाकघरात चप्पल? सासूबाई काय म्हणतील!" यावर माझे उत्तर ठरलेले: घरातला जोड वेगळा ठेवा, आणि पहिला जोड सासूबाईंनाच आणा!

मुरगळलेल्या पायाचे शास्त्र निराळे. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावायचा, तशी पाय मुरगळला की 'बसवून देणारा' गाठायची आपल्याकडे रीत आहे. आंबेहळदीचा लेप खुशाल लावा. पण हाड मोडलेले नाही हे कळण्याआधी कुणालाही हिसका मारू देऊ नका. कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधे नियम सांगितले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालच्या टोकापर्यंत दाबून पाहायची, करंगळीच्या बाजूचा पावलाच्या मध्यावरचा उंचवटा दाबायचा आणि आतल्या बाजूला कमानीवरचे हाड दाबायचे. यांपैकी कुठे हाडावरच दुखले, किंवा चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. एरवी हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच थोडी. लहान मुलांना आणि बधिर पायांना मात्र हा नियम लावू नये.

बॅडमिंटन खेळताना 'मागून कुणीतरी लाथ मारली' असे वाटून खाली बसलेल्या माणसाचे तर आणखी वेगळे. त्याला पालथे झोपवून मी पोटरी दाबते. दाबल्यावर पाऊल हलायला हवे. हलले नाही, तर टाचेमागची शीर तुटली असे समजून त्याच दिवशी सर्जनकडे पाठवते. तो म्हणतो, "पण मला पाऊल हलवता येतंय की!" येते खरे, कारण दुसरे स्नायू ते हलवतात आणि तिथेच फसगत होते.

पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या पायांची. टाच दाखवायला आलेल्या एका काकूंबरोबर काका आले होते. मधुमेह पंधरा वर्षांचा. "माझे पाय एकदम उत्तम! कधी दुखत नाहीत," असे ते अभिमानाने म्हणाले, तेव्हा मी त्यांनाही टेबलावर बसवले. डोळे मिटायला सांगून दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. काका म्हणत होते, "लावा ना, थांबलात का?" मी तर सात ठिकाणी लावून झाले होते! काकूंचा चेहरा उतरला. दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवली तर डावे उजव्यापेक्षा चांगलेच गरम, आणि किंचित सुजलेले. संवेदना गेलेल्या पायात हाडे आतल्या आत मोडू लागतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. वेल्लोरला १९४६ मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच ओळखले होते: हातापायांची हानी मुख्यतः रोगाने नव्हे, तर वेदना न कळल्याने होते.

काकांना तिथूनच रुग्णालयात पाठवले. काही महिने प्लास्टर, पायावर भार द्यायचा नाही. काका चिडले, रुसले, पण पायाची कमान वाचली. आता रोज रात्री काकू त्यांचे तळवे दिव्याखाली पाहतात, दोन्ही पावलांवर हाताची मागची बाजू ठेवतात आणि सकाळी चपलेत हात फिरवल्याशिवाय ती त्यांना घालू देत नाहीत. "ही तपासणी कस्टमपेक्षा कडक आहे," अशी काकांची तक्रार असते. गेल्या गणपतीत काकूंच्या बोटाला त्याच चपलेत सजावटीतली टाचणी लागली.