गंजलेल्या जुन्या व्हॅनचे काम: सुरुवात कुठून करावी?

गंजलेली जुनी व्हॅन हाती आली की बहुतेक जण पहिल्या दिवशी एकच गोष्ट करतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतात आणि जिथे गंज दिसेल तिथे घासत सुटतात. तासाभरात पत्र्याला मुठीएवढे भोक पडते. मग ते बुजवायचे कसे हा प्रश्न उरतो आणि गाडी शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते. म्हणून या टिपणात वेल्डिंगचे तंत्र किंवा रंगकाम शिकवलेले नाही. पत्र्याला पहिला काप देण्याच्या आधी काय करायचे आणि तो काप कुठे द्यायचा, एवढाच विषय आहे. दुसऱ्या वर्षाचे ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ झाले असेल तर आकडेमोड सोपी जाईल. नसेल तरी मुद्दा कळेल.

उदाहरण म्हणून फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन घेऊ. अनेक देशांत ती ‘कोंबी’ म्हणून ओळखली जाते. जर्मनीत १९५० साली तिचे उत्पादन सुरू झाले. दोन तुकड्यांच्या पुढच्या काचेचे पहिले रूप १९६७ पर्यंत चालले आणि त्यानंतर एकसंध वक्र काचेचे दुसरे रूप आले. ब्राझीलमध्ये तर ही गाडी २०१३ पर्यंत बनत होती. आपल्याकडे ती क्वचितच दिसते, पण शिकण्यासाठी ती उत्तम आहे. एक तर ती नेमकी कुठे गंजते हे जगभरच्या गाड्यांवरून चांगले माहीत झाले आहे. दुसरे कारण तिच्या रचनेत आहे.

ही व्हॅन बीटल मोटारीच्या यांत्रिक भागांवर आधारलेली. दोन्हींचा व्हीलबेस २४०० मिमी आणि इंजिन मागच्या आसापलीकडे. पहिल्या नमुन्यात बीटलचीच तळपाटी वापरली होती, पण मालाचा भार घेऊन चाचणी केली तेव्हा ती टिकली नाही. मग अभियंत्यांनी शिडीसारखी चौकट बनवली आणि बॉडी तिच्यावर बोल्टने न बसवता तिला वेल्ड करून टाकली. ट्रकची बॉडी चेसिसवरून उचलून बाजूला ठेवता येते, तशी हिची येत नाही. फरशी, दोन्ही उंबरे, खांब, छप्पर हे सगळे मिळून भार वाहतात. ‘हा नुसता पत्रा आहे, कापून टाकू’ असे म्हणण्यासारखे भाग या गाडीत फार थोडे आहेत.

गंज नेमका कुठे लागतो?

मोकळ्या, सपाट पत्र्यावर दिसणारा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. खरा गंज दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड केलेल्या सांध्यात आणि बंद पेटीच्या आतल्या तळाशी असतो. त्याचे कारण रसायनशास्त्रात तुम्ही शिकला आहात. सांध्याच्या फटीत पाणी शिरते. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर असतो आणि आत खोलवर तो कमी पडतो. या फरकामुळे एक छोटा विद्युतघट तयार होतो. ऑक्सिजन कमी असलेला आतला भाग धनाग्र बनतो आणि तिथले लोह विरघळते. म्हणजे आपल्याला दिसत नाही तिथेच झीज जास्त. त्यात मीठ मिसळले की पाण्याची विद्युतवाहकता वाढते. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि आपल्या किनारपट्टीवर ते हवेतच असते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे फुगलेला गंज सांध्याचे पत्रे एकमेकांपासून उचकटतो. सांधा फुगलेला दिसला तर स्पॉट वेल्ड तुटत आले आहेत असेच धरून चालावे.

टाइप २ मध्ये सर्वांत महत्त्वाची पेटी म्हणजे दाराखालचा उंबरा, ज्याला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. ती आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन पत्र्यांची बनलेली असते. चाकांनी उडवलेला चिखल आत साचतो आणि पाणी जाण्याची छिद्रे बुजतात. मुख्य रेलपासून उंबऱ्यापर्यंत जाणारे आडवे हात, म्हणजे आउटरिगर, हेही असेच कुजतात. गाडी उचलायचा जॅक लावण्याच्या जागा नेमक्या याच भागात आहेत. म्हणून गंजलेल्या टाइप २ ला कंपनीने दिलेल्या जागी जॅक लावून खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. सपाट काँक्रीटवर, आस किंवा ठणठणीत रेल पाहून तिथे आधार द्या, स्टँड लावा आणि मगच खाली जा.

एक आकडेमोड

बाहेरून उंबऱ्याच्या खालच्या सांध्याला एक लांब चीर दिसते. विद्यार्थी म्हणतात, ‘सर, पत्रा तर ९५ टक्के शाबूत आहे.’ हिशेब करून पाहू. १०० × ८० मिमीची, १.२ मिमी जाड पत्र्याची पेटी घ्या. टाइप २ च्या उंबऱ्याचा आकार याहून गुंतागुंतीचा आहे, हे फक्त नमुन्याचे माप. बंद पेटीचा टॉर्शन स्थिरांक म्हणजे ४ × (आतले क्षेत्रफळ)² × जाडी ÷ परिमिती. क्षेत्रफळ ८,००० चौ. मिमी आणि परिमिती ३६० मिमी धरली तर उत्तर येते सुमारे ८,५३,०००, मिमीच्या चतुर्थ घातात. आता तीच पेटी एका सांध्यावर लांबीभर चिरली. ती उघडी झाली आणि सूत्र बदलले: परिमिती × (जाडी)³ ÷ ३. उत्तर सुमारे २०७. पत्रा तेवढाच, वजन तेवढेच, पण पिळाला होणारा विरोध चार हजारांशाने उरला. प्रत्यक्षात चीर पूर्ण लांबीभर नसते आणि टोकांना आधार असतो, म्हणून इतकी घसरण होत नाही. तरीही ‘किती पत्रा उरला’ यापेक्षा ‘पेटी बंद आहे का’ हा प्रश्न आधी विचारायचा, तो या हिशेबामुळे.

जाडीचेही असेच आहे. पातळ भिंतीच्या पेटीची नमनाविरुद्धची ताठरता साधारण जाडीच्या प्रमाणात घटते, म्हणजे जाडी निम्मी झाली तर ताठरता निम्मी. पण दाबाखाली पत्रा चुरमडण्याचा, म्हणजे बकलिंगचा भार जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. तिथे निम्म्या जाडीला एक अष्टमांश ताकद उरते. या गाडीत शंभर-एक किलोचे इंजिन मागच्या आसाच्या पलीकडे लोंबते, त्यामुळे तिथल्या रेलच्या खालच्या पट्टीवर दाब येतो. म्हणून मागच्या रेलला वरून रंग दिलेला असला तरी खालची बाजू ठोकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिले काही दिवस

आधी गाडी कोरड्या जागी आणा आणि आतले सगळे काढा. गालिचे, रबरी चटया, भिंतीमागचे लोकरीसारखे थर पाणी धरून ठेवतात. कॅम्पर असेल तर लाकडी कपाटेही काढा, कारण त्यांच्यामागे कोणी पाहिलेले नसते. बॅटरी सोडवून बाहेर घ्या. ती इंजिनाच्या कप्प्यात असते आणि सांडलेल्या आम्लाने तिच्याखालचा पत्रा बहुधा गेलेलाच असतो. पेट्रोल काढून घ्या आणि टाकी उतरवा. ती इंजिनाच्या लगेच पुढे, गिअरबॉक्सच्या वर असते, आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. ठिणग्या उडवणारे कोणतेही काम त्यानंतरच. या इंजिनांचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते आणि त्याचा कीस पेट घेतो, म्हणून इंजिनही काढून दूर ठेवावे.

पण थांबा. इंजिन काढण्याच्या आधी मापे घ्यायची आहेत. मागचे लोंबते वजन गेले की बॉडी किंचित सैलावते आणि मूळ स्थिती कळत नाही. दोन्ही स्थितींतली मापे लिहून ठेवली तर गाडी किती लवचीक झाली आहे याचा फुकटात अंदाज मिळतो.

सगळ्यांत स्वस्त मोजमापयंत्र म्हणजे दाराभोवतीची फट. प्रत्येक दाराची फट वर, मध्ये आणि खाली मोजा. गाडीचा मधला भाग खाली बसला असेल तर ती तुळईसारखी वागते: छताकडे दाब, उंबऱ्याकडे ताण. मग दाराच्या चौकटीचा वरचा भाग आवळला जातो आणि खालचा रुंदावतो. म्हणजे वर फट कमी व खाली जास्त दिसली तर उंबऱ्याने जबाबदारी सोडली आहे असे समजा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते मुळात सारखे नसतील, पण डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना करता येते. गाडीखाली रेलवरच्या ठरावीक बोल्टछिद्रांपासूनही कर्ण मोजा. ओळंबा सोडून छिद्रांची जागा जमिनीवर खडूने उतरवली की हे काम सोपे होते. शक्य तितके फोटो काढा आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवा.

मग तपासणी. साधनांत लहान हातोडी, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, लोहचुंबक आणि टॉर्च पुरे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज देतो. चुंबक धरत नसेल तर खाली पुट्टी आहे, किंवा जुन्या दुरुस्तीतले शिसे. शिसे असेल तर ते कोरडे घासू नका, त्याची धूळ विषारी असते. तळाला डांबरी लेप असेल तर निदान सांध्यांवरून तो खरवडून काढा, कारण लेपाखाली काहीही लपलेले असू शकते. अल्ट्रासॉनिक जाडीमापक कॉलेजच्या प्रयोगशाळेत असेल तर वापरा, पण खड्डे पडलेल्या पृष्ठभागावर त्याच्या वाचनावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

जे सापडेल ते गाडीच्या तळाच्या रेखाटनावर रंगांनी दाखवा. भार वाहणारे कुजलेले भाग एका रंगात, नुसते दिसायला वाईट असलेले दुसऱ्या. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतला गंज किंवा छताच्या पन्हळीचा गंज डोळ्यांत भरतो, पण तो थांबू शकतो. पुढच्या आसाची नळी, ती रेलला जिथे जोडली आहे ती जागा आणि स्टिअरिंग बॉक्सचा आधार हे मात्र थांबू शकत नाहीत. या गाडीत चालक पुढच्या चाकांच्या वरच बसतो आणि त्याच्या गुडघ्यांपुढे इंजिन वगैरे काही नसते. तिथला पत्रा म्हणजेच त्याचे संरक्षण.

नकाशा पूर्ण झाला की एक कठीण निर्णय घ्यावा लागतो: काम हाती घ्यायचे की नाही. टाइप २ चे उंबरे, आउटरिगर, फरशीचे तुकडे आजही नवे तयार मिळतात, म्हणून इतर व्हॅन जिथे भंगारात जाईल तिथे ही वाचते. पण दोन्ही रेल आसांच्या जोडापाशीच गेल्या असतील, तर माझ्या मते विद्यार्थ्यांच्या गटाने ते काम घेऊ नये. ती गाडी सुट्या भागांसाठी ठेवावी.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर. इंजिनाच्या कप्प्यात ठोकलेला चेसिस क्रमांक शोधा, त्याचा फोटो काढा आणि तो भाग कापायचा नाही असे नकाशावर लिहा. २०२१ साली आपल्या मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची तरतूद झाली. त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणून बदललेला प्रत्येक तुकडा मूळ आकाराचाच असावा आणि त्याचा कागदोपत्री पुरावा ठेवावा.

सँडब्लास्टिंगचा मोह अनेकांना होतो. पूर्ण बॉडी लगेच ब्लास्टिंगला पाठवू नका. बाजूचे मोठे सपाट पत्रे माऱ्याने ताणले जाऊन लहरतात, आणि ज्या गंजाने उंबरा अजून धरून ठेवला होता तो निघून गेला की बॉडी वाहतुकीतच वाकते. गंज काळा करणारी रसायनेही आत्ता नकोत. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे फॉस्फेट करते, पण गेलेली जाडी परत आणत नाही.

पहिला काप

कापण्याच्या आधी बॉडी जखडायची. दाराच्या चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी नळीचा एक आडवा आणि एक तिरपा दांडा लावा, म्हणजे चौकोनाचे त्रिकोण होतील. चौकोन कोपऱ्यांशी मुडपतो, त्रिकोण मुडपत नाही. दांडे खांबांच्या शाबूत पत्र्याला लावायचे, कुजलेल्या उंबऱ्याला नाही. दार बसवून पाहता येईल अशा बेताने ते आतल्या बाजूला घ्यावेत. गाडीचा आधार आसांच्या जोडापाशी ठेवा. रेलच्या मध्यावर जॅक लावून उचलले तर बॉडी उलटी वाकते आणि तुम्ही ती तशीच वेल्ड करून कायमची करून टाकता. गाडी मुळात बसलेली असेल तर दांडे कसण्यापूर्वी जॅकने थोडे थोडे उचलून फटी जागेवर आणा. जखडून झाल्यावर सगळे कर्ण पुन्हा मोजा.

सुरुवात कमी गंजलेल्या बाजूने करावी, असे माझे मत आहे. गॅरेजवाले बऱ्याचदा उलटे सांगतात. पण बऱ्या बाजूला मूळ आकार अजून शिल्लक असतो. त्याचे पुठ्ठ्याचे साचे कापून उलटे केले की वाईट बाजूला वापरता येतात, आणि एक बाजू ताठ झाली की दुसरीकडे काम करताना संदर्भ मिळतो. दोन्ही उंबरे एकाच वेळी कधीही उघडू नयेत.

त्या बाजूला काम आतून बाहेर चालते. आधी बाहेरचा पत्रा काढून आतले दृश्य पाहायचे, मग रेल आणि आउटरिगर, मग आतला उंबरा, मग मधला. बाहेरचा सर्वांत शेवटी. एका बैठकीत जेवढे बसवता येईल तेवढेच कापा. नवा तुकडा आधी फक्त चार-सहा टाक्यांनी धरा, दार लावा, फट मोजा, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. जमले तरच पूर्ण वेल्ड, तेही एका टोकाकडून सलग नाही, जागा बदलत आणि मधे थंड होऊ देत. बाहेरचा पत्रा बंद करण्याआधी आतल्या पेटीला रंग द्या आणि पाण्याची छिद्रे मोकळी आहेत हे तार घालून पाहा. पेटी बंद झाल्यावर, वेल्डने जळलेल्या जागांसाठी, त्याच छिद्रांतून मेण फवारता येते.