चिमटीत चुरमुरा

थर्ड शिफ्टला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. रात्रीची कंपनीची बस, चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी, पहाटे तीनला डोळ्यांवर येणारी झापड. मुलगी झाली आणि हिशेबच उलटा झाला. फर्स्टवाला बाप निघतो तेव्हा मूल झोपलेलं असतं, सेकंडवाला येतो तेव्हाही झोपलेलंच. थर्डवाला सकाळी मोशीत उतरतो तेव्हा बाळ नुकतं दूध पिऊन ताजंतवानं झालेलं असतं. झोपेचं खोबरं होतं, पण जे बघायला मिळतं ते बाकीच्या दोघांच्या नशिबी नाही.

मी क्वालिटीत आहे. गिअरबॉक्स हाउसिंगचे बोअर तपासायचे. गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. टॉलरन्स मायक्रॉनमध्ये. रात्रभर असं निरखायची सवय घरी आल्यावर सुटत नाही.

मूल ‘पालथं पडलं’ की आपण फोटो काढतो, नातेवाइकांना पाठवतो. पण त्याआधी कितीतरी दिवस काम चाललेलं असतं. आधी मान वळते. मग एक पाय पलीकडे पडतो, त्यामागे कंबर जाते आणि खांद्याशी गाडी अडते. कारण खालचा हात पोटाखाली सापडलेला असतो. आमची लेक तशीच अडकून ओरडायची. माझी आई लातूरकडची, ती म्हणायची, “अरं, काढ की लेकराचा हात!” मी बसून राहायचो, आईच्या शिव्या खायचो. मग एका सकाळी लेकीनं छातीवर भार घेतला, कोपर मागं ओढलं आणि हात सुटला. मान उचलून तिनं सगळ्यात आधी पाहिली ती फरशी. आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

नवव्या महिन्याच्या आसपास चिमटी आली. माझ्या मते पहिल्या पावलापेक्षा हा प्रकार जास्त बघण्यासारखा आहे, पण त्याचं कौतुक कोणी करत नाही. मी तिच्यापुढं एक चुरमुरा ठेवायचो. चुरमुराच, कारण तो तोंडात विरघळतो. शेंगदाणे-फुटाणे घशात अडकतात, ते जवळपासही नकोत. आधी ती पाची बोटं खराट्यासारखी फरशीवर ओढायची आणि चुरमुरा पुढं पळायचा. नंतर अंगठा तर्जनीच्या कडेला टेकायला लागला. चुरमुरा उचलला जायचा, पण अर्ध्या वाटेत पडायचा. शेवटी दोन्ही टोकं समोरासमोर आली. बाकीची तीन बोटं बाजूला झाली, ओठांचा चंबू झाला, श्वास थांबला आणि चुरमुरा वर आला. खाल्ला नाही. उजेडाकडे धरून पाहिला, आजीला दाखवला, टाकला, पुन्हा उचलला. आमच्या लाइनवर इतकं मन लावून तपासणी करणारा माणूस मिळाला तर मी त्याला तिथल्या तिथे पर्मनंट करीन.

सोसायटीतलं तिच्याच वयाचं एक पोरगं दहाव्या महिन्यात चालायला लागलं आणि घरात कुजबुज सुरू झाली. माझ्याही डोक्यात नो-गो गेज फिरायला लागला. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 सालचे आकडे वाचले. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली 816 मुलं पाहून ते काढलेत. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. स्वतःचं स्वतः चालणं 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे एक मूल दुसऱ्यापेक्षा नऊ महिन्यांहून जास्त मागं असलं तरी दोघंही ओके. आणि शेकड्यातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट पुढची पायरी गाठतात. असं ड्रॉइंग आमच्या डिझाइनवाल्यानं दिलं असतं तर आम्ही परत पाठवलं असतं.

अंगणवाडीत वजन करायला नेतो तेव्हा ताई लेकीला कपडे काढून काट्यावर ठेवतात आणि कार्डावर ठिपका देतात. वर्षाचं होईपर्यंत मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे मी प्रत्येक वेळी ग्रॅम विचारायचो. ताई म्हणाल्या, “आकडा धरून बसू नका दादा, रेघ वर चाललीय का ते बघा.” रेघ सरळ वर जात नाही. दात येताना, जुलाब झाले की ती आडवी होते. आडवीच राहिली किंवा खाली वळली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

हे सगळं बायकोला मोबाइलवर बघावं लागलं. ती भोसरीत वायरिंग हार्नेसच्या लाइनवर आहे. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं 26 आठवड्यांची रजा मिळते; तिची संपली तेव्हा लेक नुकती उशीला टेकून बसायला लागली होती. रांगणं, चिमटी, पहिलं ‘आ-ई’, सगळं त्यानंतरचं. 2017च्या दुरुस्तीनं कायद्यात आणखी एक गोष्ट आली: 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. तिच्या कंपनीत पाळणाघर नाही. तुमच्या कंपनीत आहे का, ते पुढच्या मीटिंगमध्ये विचारा. आणि बायकांवर सोडू नका. बापांनी उठून विचारा.