रणगाड्यांच्या गावातली पदवी
(लेखांक 6)

मागच्या आठवड्यात आपण श्रेयांकाचा, म्हणजे बोलीतल्या 'क्रेडिट'चा, हिशेब पाहिला. साधारण 30 तासांच्या शिकण्याला 1 श्रेयांक मिळतो आणि त्यात हातानं केलेलं कामही धरतात. आज हाच हिशेब घेऊन आपण लष्कराच्या मैदानावर जाऊ.

जिल्हा आता अहिल्यानगर झाला असला, तरी भरतीची पोरं अजून 'नगरला सेंटरला आहे' असंच सांगतात. आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री या दोन्हींची प्रशिक्षण केंद्रं इथं आहेत. बीएमपी हे 14 टनांचं वाहन. त्याच्या ट्रॅकचा दुवा झिजला की पिन ठोकून बाहेर काढायची, नवा दुवा बसवायचा, ट्रॅकचा ताण पुन्हा जुळवायचा. उस्ताद एकदा करून दाखवतात, मग पोरांकडून हात काळे होईस्तोवर करून घेतात. हे शिक्षणच आहे, पण कॉलेजच्या दारात त्याला फार काळ किंमत नव्हती.

15 जून 2022 रोजी, अग्निपथ योजना जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं त्या योजनेतून भरती होणाऱ्या अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची खास पदवी जाहीर केली. तिचे निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातून धरले जातात, मग ते तांत्रिक असो वा नसो. उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, शेती अशा विषयांतून मिळवायचे. पदवीला 120 श्रेयांक धरले, तर 60 मैदानावर आणि 60 पुस्तकातून. एका वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पोस्टिंग बदललं तरी केलेलं वाया जात नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पाथर्डी-पारनेरकडच्या कितीतरी घरांत 'आमच्या अण्णांना फौजेतून ग्रॅज्युएशन मिळालंय' असं अभिमानानं सांगतात. 1986च्या केंद्रीय आदेशानुसार 15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला गट 'क'च्या नोकरीपुरतं पदवीधरासमान मानतात. विद्यापीठाची पदवी ती नव्हे. अग्निवीराची सेवा तर 4 वर्षांची आणि पुढं कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना त्या 15 वर्षांच्या सवलतीचा आधार नाही. त्यांच्या हाती हे श्रेयांकच उरतात, म्हणून माझा इतका आग्रह.

इग्नू आणि लष्कराची या वाटेवर सोबत नवी नाही. 2009 साली 'ज्ञानदीप' योजनेत त्यांनी जवानांच्या सेवेतल्या प्रशिक्षणाला असंच शैक्षणिक मोल दिलं होतं.

भरती न झालेल्यांसाठीही वाट आहे. 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं एनसीसी हा श्रेयांकाचा निवडीचा विषय म्हणून घ्यायला विद्यापीठांना सांगितलं. सहा सत्रांत मिळून 24 श्रेयांक. आपल्या कॉलेजात तो तसा घेता येतो का, हे प्रवेशाच्या खिडकीवरच विचारा.

आणि पोरगा सेंटरवरून सुट्टीला आला की पगाराच्या आधी इग्नूची नोंदणी झाली का, ते विचारा. झाली असेल, तर परत जाताना ट्रंकेत लाडवांच्या डब्याखाली इतिहासाचं पुस्तक राहील एवढी जागा ठेवा.