दुर्धर आजार आणि निराधार अनुदान

कर्करोगासारखा आजार बळावला म्हणजे रुग्णाचे हातपाय शाबूत असूनही त्याची कमाई थांबते. शुश्रूषेसाठी घरातील आणखी एकाची मजुरी बुडते आणि औषधांचा खर्च तर चालूच राहतो. अशा रुग्णास दिव्यांग म्हणावे किंवा कसे, याविषयी गावपातळीवर पुष्कळदा संभ्रम असतो व त्यापायी अर्ज करावयाचाच राहून जातो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल व कंपवात यांचा समावेश आहे, कर्करोगाचा नाही. परंतु म्हणून रुग्णाचा मार्ग बंद झाला, असे समजणे चुकीचे होय. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांबरोबरच क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या स्त्री-पुरुषांचाही उल्लेख आहे. रुग्णाचे आयुष्य किती उरले, ही येथे कसोटी नाही. तो कमावू शकतो की नाही, ही आहे. म्हणूनच आजार शेवटच्या टप्प्यास जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

पात्रता व साहाय्य

अर्जदाराचे वय किमान १८ व ६५ वर्षांपेक्षा कमी असावे. त्याचे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असावे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. मासिक अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० रुपये झाले. त्यामुळे आजारापायी एखाद्याचा पाय काढावा लागला असेल, तर त्याने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही अवश्य मिळवावे. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे.

गावाचे कर्तव्य

अर्जासोबत वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, तसेच जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाच्या अधीक्षकांचे आजाराविषयीचे प्रमाणपत्र लागते. अनुदान बँक खात्यात जमा होत असल्याने खाते आधारशी जोडलेले असावे. खाटेला खिळलेल्या माणसाला या प्रत्येक कागदासाठी वेगळी फेरी मारणे शक्य नसते. रुग्णालयातून घरी पाठविण्यापूर्वीच प्रमाणपत्र मागून घ्यावे. तलाठी व ग्रामपंचायतीने आपले दाखले एकाच दिवशी दिल्यास निम्मे काम होते. शिक्षकांनी अर्ज भरून द्यावा आणि सदस्यांनी तो तलाठ्याकडे वा तहसील कार्यालयात पोहोचवून पोच घ्यावी.

रुग्णाच्या निधनानंतरही कुटुंबाची चौकशी थांबवू नये. निराधार विधवा याच योजनेत स्वतंत्रपणे अर्ज करू शकते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाची कमावती व्यक्ती दगावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात.

इतर अर्जदारास एक महिन्याचा विलंब म्हणजे केवळ गैरसोय असेल. या रुग्णांच्या बाबतीत मात्र मंजुरीचा आदेश हाती पडण्यापूर्वीच माणूस गेलेला असतो. असे अर्ज कोणत्याही टेबलावर पडून राहणार नाहीत, एवढी दक्षता घेणे प्रत्येकाच्या हाती आहे.