खासदाराच्या नावाचं शिखर

अंटार्क्टिकातलं सर्वांत उंच शिखर एका अमेरिकी खासदाराच्या नावावर आहे. जॉर्जिया राज्यातून निवडून येणारे कार्ल विन्सन अंटार्क्टिकाच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून काँग्रेसमध्ये किल्ला लढवत. त्याची पावती म्हणजे माउंट विन्सन. निधी आणणाऱ्याचं नाव कोनशिलेवर कोरायची रीत आपल्याला नवी नाही. इथे कोनशिलाच 4892 मीटर उंचीची निघाली, इतकंच.

हे शिखर एल्सवर्थ पर्वतात आहे. पश्चिम अंटार्क्टिकात, रॉनी आइस शेल्फच्या पश्चिम कडेला सुमारे 360 किलोमीटर लांब पसरलेला हा पर्वत मिनेसोटा हिमनदीने मधोमध कापला आहे. उत्तरेकडची रांग सेंटिनेल, दक्षिणेकडची हेरिटेज. उंच शिखरं सगळी सेंटिनेलमध्ये. तिथून दक्षिण ध्रुव सुमारे 1200 किलोमीटर.

पर्वताला ज्याचं नाव मिळालं तो लिंकन एल्सवर्थ हा कोळसा खाणमालकाचा मुलगा, हौशी आणि गडगंज. अंटार्क्टिका विमानाने आरपार ओलांडायचा ध्यास त्याने घेतला होता. 23 नोव्हेंबर 1935 रोजी ‘पोलर स्टार’ या छोट्या विमानातून, पायलट हर्बर्ट हॉलिक-केनियनसोबत जाताना त्याला ही रांग दिसली. बर्फाच्या सपाटीत पहारेकऱ्यासारखी एकटी उभी, म्हणून सेंटिनेल. एका शिखराला त्याने बायकोचं नाव दिलं. नकाशावर ते आजही माउंट उल्मर आहे. पुढे मुक्कामाच्या अलीकडेच इंधन संपलं आणि उरलेली वाट दोघांना बर्फातून तुडवावी लागली. गंमत अशी, की याच रांगेच्या दक्षिण भागातली सर्वांत उंच शिखरं त्याला दिसलीच नाहीत. विन्सन अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या नजरेस पडलं ते थेट 1957 च्या सुमारास. एव्हरेस्ट सर होऊन तेव्हा चार वर्षं उलटली होती.

विन्सनवर माणूस पोचला डिसेंबर 1966 मध्ये, निकोलस क्लिंच यांच्या नेतृत्वाखाली. उंची आधी 5140 मीटर मानली जाई. नव्या मोजणीत ती 4897 वर आली आणि 2004 च्या जीपीएस मोजणीने आणखी पाच मीटर छाटले.

शेजारची नावंही याच हिशोबाची. माउंट टायरी हे नौदलाच्या अंटार्क्टिक तुकडीच्या प्रमुखाचं. माउंट शिन हे 1956 मध्ये दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा विमान उतरवणाऱ्या कॉनरॅड शिन यांचं. हेरिटेज रांगेत 1960 च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठाचे भूवैज्ञानिक फिरले. तिथल्या टेकड्यांची नावं पाहा: लिबर्टी, पेट्रियट, इंडिपेंडन्स. निर्मनुष्य बर्फावर अख्खं अमेरिकी नागरिकशास्त्राचं पुस्तक!

या सगळ्या बारशांत मला आवडतं ते एका खडकाचं. एल्सवर्थच्या विमानावरून सेंटिनेलमधल्या एका खडकथराला ‘पोलरस्टार’ म्हणतात. त्यात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म सापडले. हीच पानं नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही मिळतात. दोन्ही भूभाग एकेकाळी गोंडवन या महाखंडाचे तुकडे होते. आणि त्या महाखंडाचं नाव आलं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

एल्सवर्थ पर्वताच्या भागावर चिली हक्क सांगतो, पण 1959 च्या अंटार्क्टिक कराराने असले सगळे दावे गोठवून ठेवले आहेत. त्यामुळे नाव द्यायची एकहाती सत्ता कुणाकडेच नाही. देशोदेशींच्या समित्या आपापली नावं ठरवतात आणि ती एका सामाईक यादीत जातात. सेंटिनेलमध्ये अमेरिकेनंतर सर्वाधिक उत्साह दाखवला तो बल्गेरियाने. त्यांची समिती स्थापन झाली 1994 मध्ये. तोवर मोठी शिखरं संपली होती. मग खिंडी, सोंडा, हिमनद्या अशा उरल्यासुरल्या जागांवर बल्गेरियन गावं, नद्या आणि इतिहास जाऊन बसले.

ही नावं सिरिलिक लिपीतली. जगाच्या नकाशावर ती रोमन अक्षरांत लिहायची कशी, यासाठी समितीने 1995 मध्ये एक पद्धत बांधली. सुटसुटीत होती, म्हणून पुढे सरकारनेच ती उचलली आणि 2009 मध्ये तिचा कायदा झाला. आज बल्गेरियातल्या गावांची आणि रस्त्यांची नावं रोमन लिपीत लिहिली जातात ती याच अंटार्क्टिक नियमांनी.